वर राहिलेला हात

त्या सकाळी मी चहाच्या खोलीत शिरले आणि बोलणं थांबलं. एकदम नाही. आधी लंबूचं थांबलं, मग त्याच्याकडे बघून बाकीच्यांचं, आणि सगळ्यात शेवटी आजोबाचं, कारण त्याला स्वतःचं वाक्य अर्ध्यावर टाकवत नाही. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. ती कधी रिकामी नसते. तिच्यावर बसलं की पाठीला ऊन लागतं, आणि तेवढ्यासाठी आजोबा रोज चहाला सगळ्यांच्या आधी येऊन ती अडवतो. आजोबा माझ्याहून वर्षभराने लहान आहे. गळ्यात मफलर, पिशवीत गरम पाण्याची बाटली आणि तोंडी सदैव कुठलं तरी दुखणं, म्हणून आजोबा. आज तो कप घेऊन भिंतीला टेकून उभा होता, आणि खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसू नये म्हणून तिच्यावर त्याचा मफलर होता. मला बघून त्यानं मफलर उचलला. “बस,” तो म्हणाला. मी म्हटलं, “तू बस ना, तुझी पाठ…” “पाठ बरी आहे,” तो म्हणाला. आजोबाची पाठ बरी आहे हे वाक्य या इमारतीत मी प्रथमच ऐकलं.

मी बसले. बसायला नको होतं. पाठीला ऊन लागलं आणि समोर सगळ्यांचे चेहरे आले. त्या खुर्चीवरून सगळी खोली दिसते, हे मला माहीत नव्हतं. मी इथे आल्यापासून दाराजवळच्या स्टुलावर बसत आले, तिथून पटकन उठून जाता येतं. कप धरलेला माझा हात स्थिर होता. भीती वाटली की लोकांचे हात थरथरतात, माझा दगडासारखा होतो. लहानपणापासून शरीराचं हे असं आहे आणि घरच्यांखेरीज कुणाला त्याचा पत्ता नाही. “तिचा कप बघ,” शेजारीण लंबूच्या कानाशी कुजबुजली. शेजारीण म्हणजे कामाच्या टेबलाशी माझ्या शेजारी उभी राहणारी. मला ऐकू जात नाही असं तिला वाटलं. “चहा हलतसुद्धा नाही.”

आमचं काम तसं साधं. लोक भांडी, रंग, खेळणी, माती पाठवतात आणि त्यात कुठला धातू किती आहे ते आम्ही मोजून सांगतो. मोजण्याआधी नमुना आम्लात उकळून विरघळवावा लागतो. ते काम मजल्याच्या टोकाच्या खोलीत चालतं. तिथे भिंतीला लागून काचेचं मोठं कपाट आहे, त्याला आम्ही हूड म्हणतो. आत शेगडी, वर रुंद नळ, नळाच्या टोकाला छतावर पंखा. पंख्यानं वाफा वर ओढून न्यायच्या आणि माणसानं काचेच्या अलीकडे उभं राहायचं. पंखा दमला की वाफा काचेखालून माणसाकडे येतात. तो दमलाय हे आम्ही बरेच दिवस सांगत होतो. काचेखालच्या फटीशी कागदाची पट्टी धरली तर ती आत ओढली जायला हवी. आमची पट्टी नुसती लोंबत होती.

त्या खोलीचा एक नियम आहे. काही सांडलं किंवा फुटलं तर ज्याला ते आधी दिसेल त्यानं हात वर करायचा आणि जागेवर थांबायचं. ओरडायचं नाही, कारण ओरडलं की लोक मदतीला धावत येतात आणि नको तिथे पोचतात. हात वर दिसला की बाकीच्यांनी असेल ते टाकून बाहेर जायचं, आणि तो खाली येईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. हात वर करणारा धोक्यावर नजर ठेवतो. धोका सरला की हात खाली घेतो. नियम कुणी घालून दिला ते माहीत नाही, पण नव्यानं येणाऱ्याला पहिल्या दिवशी तोच शिकवतात, आणि तो अंगात इतका मुरतो की रस्त्यात कुणी रिक्षाला हात केला तरी आमचे पाय मागे सरकतात.

परवा माझा हात वर होता तो वरच्या फळीवरचं मोजपात्र काढण्यासाठी. त्याच क्षणी हूडमधल्या आम्लाच्या बाटलीचा तळ निसटला. काचेला आधीच तडा असणार. आम्ल शेजारच्या तांब्याच्या चुऱ्यावर पसरलं आणि तपकिरी वाफ उठली. ती वाफ मी पुस्तकात पाहिली होती, पण छापलेल्या रंगात तिचं जडपण येत नाही. खरी वाफ गंजाच्या रंगाची असते, आणि जनावर जसं आधी थांबून बघतं आणि मग हलतं, तशी ती हलते. काचेखालून ती माझ्याकडे आली. माझा हात वर होता तसा राहिला. पाय होते तिथे राहिले. मी आतून हुकूम सोडत होते, पाळणारं कुणी नव्हतं. मागे पावलं वाजली, मग काहीच वाजेना, आणि मला कळलं की सगळे बाहेर पडलेत. मला कुणी ओढून नेणार नव्हतं, कारण माझा हात वर होता. श्वास मी रोखला होता की घेत होते, आठवत नाही. कुणीतरी बाहेरून खिडक्या उघडायची कळ दाबली असावी. वाफ फिकट होत गेली. ती पुरती गेली का, हे मी पाहिलं नाही. खांदा दुखला, मग बधिर झाला, आणि हात आपला आपण खाली आला. लगेच सगळे आत आले. टाळ्या वाजल्या. हवेत अजून तो उग्र वास होता आणि ते त्यात तोंड उघडून हसत होते.

या वाफेचा स्वभाव लबाड आहे. घसा चुरचुरतो, थोड्या वेळानं बरं वाटतं, माणूस घरी जाऊन जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागू शकतं. त्या संध्याकाळी घरी आई भाजी निवडत होती आणि मी तिच्याशी बोलता बोलता माझा श्वास ऐकत होते. प्रत्येकाला काहीतरी निमित्त काढून फोन केला. आजोबा खोकत होता, पण तो नेहमीच खोकतो, त्याच्या खोकल्यावरून काय ओळखायचं? कुणाला काही झालं नाही. नशीब. पण माझा हात थकला म्हणून ते आत आले होते, एवढी एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून जात नव्हती.

“तर ठरलं,” लंबू म्हणाला. लंबू उंच आहे, आणि उंच माणसं सहसा वाकतात तसा तो वाकत नाही. कॉलेजात तो निवडणुकीला उभा राहून हरला होता, आणि नंतर जिंकलेल्याच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचला होता; ही गोष्ट तो स्वतःच सांगतो, अभिमानानं. “दुपारी मॅडम सगळ्यांना आम्लाच्या खोलीशी बोलावणार आहेत. तुंबलेलं काम उपसायचंय म्हणे. पंख्याचं विचारलं तर म्हणतात, माणूस येऊन बघून गेला. बघून गेला! डॉक्टर मेलेल्यालाही बघूनच जातो.” सगळे हसले. त्यानं हसू ओसरू दिलं. “तू सांगायचं. पंखा नीट झाल्याशिवाय आत जाणार नाही, एवढंच. तू म्हणालीस की आम्ही सगळे तुझ्यामागे.”

“मीच का?”

“मी बोललो तर मॅडम म्हणतील, आधी खोकून घे,” आजोबा म्हणाला.

“मला बोलताना रडू फुटतं,” शेजारीण म्हणाली. “येतो राग, पण दिसतं रडू. काय करू?”

“आणि मी तोंड उघडलं की भाषण होतं,” लंबू म्हणाला. “लीडर कसा पाहिजे, सांगू? कमी बोलणारा. जागचा न हलणारा. आपल्या आधी कामाला येणारा. मी केलं, मी केलं, असं न मिरवणारा. कॉलेजात पाहिले ते सगळे लाउडस्पीकर. तू त्या वाफेत अशी उभी होतीस, अशी… जशी काही…”

“खांबासारखी,” आजोबा म्हणाला.

“गप रे. खांब काय?”

“चांगल्या अर्थी खांब.”

मी कमी बोलते, कारण चारचौघांत बोलायचं तर वाक्य आधी मनात पुरं करून बघावं लागतं, आणि ते पुरं होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. मी लवकर येते, कारण गर्दीच्या वेळी लिफ्टमध्ये उभं राहवत नाही. मिरवण्यासारखं मी काही केलेलं नाही. एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं असली तर कुठलं खरं हे ठरवायला आणखी एक प्रयोग करावा लागतो, असं आम्हाला शिकवलं आहे. यांच्यापैकी प्रत्येकाला ते शिकवलं आहे. तरी त्यांनी प्रयोग न करता एक उचललं होतं, त्यांना हवं होतं ते. मी त्यांचे चेहरे बघत होते. त्यांत थट्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

“मी घाबरले होते,” मी म्हटलं. “मी हात केलाच नव्हता. मोजपात्र काढत होते. मग हलताच येईना.”

 शेजारणीनं लंबूच्या दंडावर चापट मारली. “बघ! मी काय म्हटलं होतं? ही असंच काहीतरी म्हणेल म्हणून.” लंबू माझ्याकडे असा बघत राहिला की मला खाली बघावं लागलं. “मोठी माणसं असंच बोलतात,” तो हळू म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. मी विहिरीत पडले होते आणि काठावरची मंडळी माझ्या पोहण्याचं कौतुक करत होती.

शाळेत एकदा सगळ्या वर्गाला इंजेक्शन द्यायला माणसं आली होती. व्हरांड्यात रांग, रांगेच्या तोंडाशी टेबल, टेबलावर स्पिरिटचा वास. एकेक जण पुढे जाई आणि भोकाड पसरी. आमच्यात एक मुलगी होती, तिला आम्ही मिरची म्हणत असू. ती पुढे गेली, बाही वर केली, सुई आत गेली आणि तिच्या तोंडातून हूं की चूं निघालं नाही. त्याच आठवड्यात वर्गाचा मॉनिटर निवडायचा होता. बाईंनी नाव विचारलं तेव्हा सगळा वर्ग एका आवाजात मिरची म्हणाला, मीसुद्धा. आम्हाला वाटलं, जिला सुई टोचत नाही तिला कशाचीच भीती नसणार, आणि वरच्या वर्गातल्या दांडगट मुलांशी तीच बोलेल. नंतर नळाशी पाणी पिताना तिनं मला जीभ काढून दाखवली. कडेला दातांचे खोल ठसे होते, त्यांत रक्त साकळलं होतं. “कुणाला सांगू नकोस हं,” ती बोबडं बोलली. मी सांगितलं नाही. वर्षभर मिरची आमच्या पुढे उभी राहिली, दांडगट मुलांचा मार तिनं आमच्या वाटचा खाल्ला, आणि आम्ही मागे उभे राहून म्हणत राहिलो, तिला नाही लागत.

आमच्याकडेच राहणारी आत्या दवाखान्यात नर्स होती आणि नर्सांची पुढारीही. तिचा आवाज जिन्याच्या खालून ऐकू यायचा. आमच्या दोन खोल्यांत बायका दाटीवाटीनं बसत, आई चहा करून करून थके, आणि आत्या मध्ये उभी राहून बोलली की त्या बायकांच्या पाठी सरळ होत. मी कोपऱ्यातून पाठीच बघत असे. पण दवाखान्याच्या व्यवस्थापनाशी कुठलीही मोठी बोलणी असली की सकाळपासून आत्याचं पोट बिघडे. ती संडासात जाऊन बसे, आणि आई बाहेरून मीठ-साखरेचं पाणी घेऊन उभी. बाबा म्हणत, “आमचं उलटंच आहे. बाहेर वाघ, घरात शेळी.” मी एकदा तिला विचारलं होतं, “आत्या, तुला भीती वाटते?” ती म्हणाली, “पोटाला वाटते गं. मला विचारायला वेळ कुठाय त्याला?” मला तेव्हा खूप हसू आलं. मग एका मोठ्या बोलणीच्या दिवशी ती सभागृहामागे ओकताना कुणाला तरी दिसली. बोलणी तिनं चांगली केली होती, जे मागितलं त्यातलं बरंचसं मिळालंही होतं. पण बायकांत पसरलं ते ओकणं. भ्यायली म्हणून कमी घेतलं, असं ठरलं. त्यांचं आमच्या घरी येणं हळूहळू कमी झालं, मग बंद. आई सवयीनं मोठं पातेलं चुलीवर चढवी आणि मग त्यातलं पाणी ओतून कमी करी. पातेल्यातून पाणी ओतल्याचा तो आवाज मला नीट आठवतो. आत्या त्या आवाजाच्या वेळी रेडिओ मोठा करायची.

मॅडमनी मला दुपारच्या आधीच त्यांच्या खोलीत बोलावलं. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या कुणावर ओरडत नाहीत; त्यांच्या टेबलावर कागदसुद्धा आवाज न करता सरकतात. “ये गं. दार लोटून घे. बस.” मी बसले. “परवाचं कानावर आलं. तुझ्या वयाची असताना मी असते ना, तर किंचाळत रस्त्यापर्यंत गेले असते.” त्या हसल्या, आणि हे खरं असावं असं मला वाटलं. “गटाला एक प्रमुख नेमा, असं वरून सांगतायत. मी तुझं नाव देणार आहे. पोरं तुझ्याकडे बघून चालतात. मेंढरं म्हणत नाही मी त्यांना,” असं म्हणून त्यांनी ते म्हटलंच. “आज तू आत गेलीस की सगळी जातील. तू थांबलीस की सगळी थांबतील. तुंबलेलं काम एकदाचं निघू दे. पंखा होईल पुढच्या आठवड्यात.”

“पंखा ओढत नाही, मॅडम.”

“थोडा तरी ओढतो ना?”

“थोडा.”

“मग थोडं थोडं काम करा.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा थकलेल्या शिंपिणीसारखा दिसला. “मी काय हौसेनं सांगते का गं? मलाही रोज वरून विचारतात. तू शहाणी आहेस. शांत आहेस. तुझ्यासारखी माणसं हवीत पुढे.”

मी त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि पॅसेजच्या भिंतीला हात लावून उभी राहिले. त्याही तेच बघत होत्या जे लंबू बघत होता. दोघांची गरज उलटी आणि दोघांना दिसलेली मी एकच. मी आत गेले तर ही सगळी माझ्यामागून त्या हवेत जातील, आणि परवा जे टळलं ते आज टळेलच असं नाही. मी ताठ उभी राहून लंबूच्या शब्दांत नाही म्हटलं, तर आज सगळी थांबतील, पण थांबतील ती माझ्या न भिण्यावर विसंबून. मग कधीतरी पुन्हा माझा खांदा दुखेल, हात खाली येईल, आणि ती आत येतील. मॅडम काय करतील याची भीती मला होती, नोकरी जाईल हीही होती, आई काय म्हणेल हीही होती. पण या सगळ्या भीतींना कडा होत्या, त्यांचं माप काढता आलं असतं. जिचं माप निघेना ती दुसरी होती. सकाळी माझ्यासाठी आजोबानं खुर्चीवरून मफलर उचलला, तशी ही माणसं माझ्यासाठी आपली शंका उचलून बाजूला ठेवत होती. आणि शंका हेच तर आमचं काम. पट्टी लोंबते की ओढली जाते हे बघायचं सोडून ती माझ्या कपातला चहा बघत होती.

दुपारी आम्ही आम्लाच्या खोलीबाहेर उभे राहिलो. अंगात पांढरे कोट, हातांत मोजे, गळ्यात चष्मे. पॅसेजच्या खिडकीतून वारा येत होता. मॅडम आल्या, त्यांनी काम किती तुंबलंय ते सांगितलं, पंखा चालू आहे असं सांगितलं, आणि ‘चालू’ हा शब्द उच्चारताना माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. लंबूनं मान किंचित हलवली, बोल. मी मनात वाक्य पुरं करायला घेतलं आणि ते पुरं होईना. म्हणून अर्धंच बोलायला सुरुवात केली.

“मला भीती वाटते,” मी म्हटलं. “पंखा ओढत नाही म्हणून वाटते. परवाही वाटली होती. मी उभी राहिले, कारण माझे पाय चालेनात. हात वर राहिला, कारण तो वर होता. तो खाली आला तेव्हा हवा साफ झाली की नाही हे मी बघितलं नव्हतं. तुम्ही आत आलात तेव्हा ती साफ नव्हती. मी आज आत जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका.”

सकाळी चहाच्या खोलीत हे नम्रपणा ठरलं होतं. इथे मॅडमच्या समोर, दुपारच्या उजेडात, ते एकदम खरं ठरलं. मला ते चेहऱ्यांवर होताना दिसलं, नासणाऱ्या दुधात आधी एक बारीक कण दिसतो तसं. शेजारणीनं तोंडावर मोजा घातलेला हात ठेवला. आजोबा खोकला नाही. मॅडमचा आवाज आईसारखा मऊ झाला. “म्हणजे प्रश्न पंख्याचा नाहीच तर. अगं, मग आधी सांगायचं ना. घाबरलेल्या मुलीला मी कशाला जबरदस्ती करीन? घरी जा, पड जरा. बाकीच्यांचं काय? तुम्हीही घाबरलायत का रे सगळे?”

“नाही,” लंबू म्हणाला.

“अरे, ऐक,” मी म्हटलं. “तूच म्हणत होतास ना, पंखा…”

“मी पंख्याचं म्हणत होतो. भीतीचं नव्हतो म्हणत.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता, दबक्या आवाजात, घरातलं भांडण पाहुण्यांच्या समोर निघावं तसा. “तू असं बोलायला नको होतंस. सगळ्यांच्या देखत.” आणि मग मोठ्यानं, मॅडमकडे बघून, “आम्ही घाबरलेलो नाही, मॅडम. आम्हाला काय धाड भरलीय?” त्यानं डोळ्यांवर चष्मा चढवला, दार ढकललं आणि आत गेला. वाकावं लागत नाही इतकं ते दार उंच आहे, तरी त्याची मान नेहमीपेक्षा ताठ होती. त्याच्यामागे एक गेला. मग दुसरी. आजोबानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तोही गेला. शेजारीण सगळ्यांत शेवटी, माझ्या कोटाला तिचा कोट घासत. काही क्षणांपूर्वी मी जिथे उभी होते तिथे आता लंबू उभा होता, एवढाच फरक. बाकी सगळं तसंच होतं, तेच डोळे, तीच घाई.

दार आपोआप मिटायला लागलं. जड दार आहे ते, वर ते ओढून मिटवणारा दांडा आहे. मी बाहेरची खिडक्यांची कळ दाबली आणि खांदा मध्ये घातला. धैर्य वगैरे मनात नव्हतं, फक्त हिशेब होता: दार उघडं राहिलं तर पॅसेजमधला वारा आत जाईल, आतली हवा थोडी तरी पातळ होईल. दाराची कड पाठीला रुतली.  आत लंबूनं शेगडी लावली होती. थोड्या वेळानं काचेखालच्या फटीतून गंजाच्या रंगाचा एक धागा बाहेर आला, थांबला, आणि मग हलला.

“दार लाव,” मॅडम मागून म्हणाल्या. “वाफ इकडे येईल.”

“हो, मॅडम. यावी म्हणूनच.”

 मॅडमच्या चपलांचा आवाज दूर जाऊ लागला, चालण्याचा नाही, घाईनं चालण्याचा.

“डोळे चुरचुरतायत का?” मी आतल्यांना विचारलं.  मी पुन्हा विचारलं, एकेकाला. आजोबानं लंबूच्या पाठीकडे पाहिलं. लंबूची पाठ हलली नाही. मग शेजारीण म्हणाली, “थोडे.” तिनं आपल्या पुढची शेगडी बंद केली, चिमटा खाली ठेवला आणि तोंडावर बाही धरून दाराशी आली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाफेनं की रागानं, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

“आता काय करायचं?” तिनं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं. “खाली जा. मोकळ्या हवेत बस. रात्रीपर्यंत एकटी राहू नकोस, धाप लागली तर सरळ दवाखाना गाठ. आणि खालच्या रखवालदाराला सांग, छतावर जाऊन पंखा बघ, वर कुणाला तरी बोलाव. कुणालाही.”

“आणि तू?”

“मी हलले तर दार मिटेल.”

ती गेली, जिन्यावर तिची पावलं पळत उतरली. वाफेचा वास माझ्यापर्यंत पोचला. श्वास घ्यावा लागतो, मी घेतला. आत आजोबा आता लंबूकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत होता, हातातला चिमटा कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा. मी लंबूला हाक मारली. आवाज चिरका निघाला, शेवटाला फाटला. त्यातली भीती खोलीभर ऐकू गेली असणार. जाऊ दे, म्हटलं, आणि पुन्हा हाक मारली.